पेत्राच्या पिंजऱ्यातला नारळ

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता चर्चच्या पिंजऱ्यात कोंबड्याच्या जागी नारळ सापडला.

पिंजऱ्याची तारेची कडी नीट लावलेली होती. पाण्याचं भांडं भरलेलं होतं. आणि मधोमध, कोंबडा जिथे बसायचा तिथेच, नारळ बसला होता, शेंडी वर करून. सचिव देवदत्त आढाव यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांनी त्याला दोनदा दाणे टाकले. तिसऱ्यांदा हात आत घातला तरी चोच बसली नाही, तेव्हा कुठे त्यांना काहीतरी बिघडल्याची शंका आली.

"पेत्र गेला," ते म्हणाले.

ऋतिका साळवे पायरीवर बसून रंगीत कागदाच्या झिरमिळ्या कापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठे गेला, सर?"

"ते सांगून गेला नाही."

पेत्र म्हणजे कोंबडा. ज्या शिष्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारलं आणि लगेच कोंबडा आरवला, त्या शिष्याचं नाव या कोंबड्याला कोणी ठेवलं हे आता कोणालाच आठवत नव्हतं. त्याच्या अंगी नम्रता मात्र शिष्याइतकी नव्हती. पाळकसाहेबांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्याने चोचीचा प्रसाद दिलेला होता.

तरी त्याला जपायचे, कारण तो कमावता होता. अंधेरी पूर्वेच्या या मराठी चर्चमध्ये दर नोव्हेंबरात सुगीचा सण होतो. अंधेरीत सुगी कशाची, असं कोणी विचारत नाही. लोक बाजारातून विकत आणलेलं पीक देवापुढे ठेवतात, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, आणि जमलेली रक्कम मलावी देशातल्या चिंबेको नावाच्या गावाला जाते. लिलावाची रीत अशी, की बोली जिंकणारा वस्तू घरी नेत नाही. तो "राहू दे" म्हणतो, टाळ्या पडतात, आणि ती वस्तू पुन्हा लिलावाला उभी राहते. एका वर्षी एकच पपई सात वेळा विकली गेली. आठव्या वेळी ती फुटली म्हणून थांबले.

पेत्र पाच वर्षांपूर्वी असाच कोणीतरी आणला होता. प्रत्येक घेणारा "राहू दे" म्हणत गेला आणि पेत्र राहत गेला. त्याच्या जिवावर चिंबेकोत दोन हातपंप बसले होते. तिथल्या बायकांनी त्याचा फोटो पंपाशेजारच्या भिंतीवर लावला होता आणि दर पत्रात त्या त्याच्या तब्येतीची चौकशी करत. पाळकसाहेबांच्या तब्येतीची आजवर एकदाही केली नव्हती. यंदा वरच्या वस्तीसाठी तिसरा पंप बसायचा होता. तिथल्या बायका दोन तास चालून पाणी आणतात. डोक्यावर घागरी घेतलेला त्यांचा फोटो दरवाजातल्या फळ्यावर टाचलेला होता.

आणि रविवारच्या लिलावाला दोन दिवस असताना पिंजऱ्यात नारळ.

"गुणाजी," आढावसर म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

गुणाजी म्हणजे चर्चचा माळी, राखणदार, घंटा वाजवणारा आणि नळ दुरुस्त करणारा. ही चारही माणसं एकाच पगारात होती. सणासाठी ऊस आणि केळीचे खांब आणायला तो सकाळी सहालाच टेम्पोबरोबर दादरला गेला होता आणि साडेनऊला परतला होता.

"तो तर इथे नव्हताच," ऋतिका म्हणाली.

"साडेनऊ ते दहा होता. अर्ध्या तासात कोंबड्याचं काय काय होऊ शकतं हे मी तुला सांगायला नको. आणि पेत्र दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देतो का?"

ऋतिकाने कात्री खाली ठेवली. तरी प्रकरण कदाचित तिथेच विरलं असतं. पण संध्याकाळी, कमिटीची बैठक चालू असतानाच, कंपाउंडच्या मागच्या बाजूने, गुणाजीच्या खोलीतून, मालवणी मसाल्याचा घमघमाट आला.

२

कमिटीत ऋतिका धरून पाच माणसं होती आणि पाचांनीही एकदमच नाक वर केलं.

"रविवारी उपासना झाली की गुणाजीच्या हातात नारळ द्यायचा," आढावसर म्हणाले.

"तोच?" कोणीतरी विचारलं.

हसावं की नाही हे कोणाला कळेना. गुणाजी बावीस वर्षं चर्चमागच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत राहत होता. नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की गोवंडीला बहिणीच्या घरात, जिथे आधीच सहा माणसं आलटून पालटून झोपत, सातवा.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," ऋतिका म्हणाली.

"कशाला?"

"विचारपूस करते. माझं कामच आहे ते."

तिचं काम तसं नव्हतं. ती मरोळच्या एका कॉल सेंटरात, लोकांचे रेकॉर्ड झालेले फोन ऐकून त्यांना मार्क देत असे. रोज नऊ तास. पंखा बिघडल्याची तक्रार करणाऱ्या माणसाला पंख्यांची जाहिरात ऐकवली जाते, माणूस चिडतो, समोरची मुलगी रडते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, हे ती तीन वर्षं कानात घालून ऐकत आली होती. पाळकसाहेब भिडस्त माणूस. ते म्हणाले, "उपासना बाराला संपते. तोवर शोध."

ती तशीच मागे गेली. गुणाजी स्टोव्हपुढे पाठ करून बसला होता.

"काका, पातेल्यात काय आहे?"

"बघ उघडून," तो म्हणाला. वळला नाही.

तिने झाकण काढलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं.

"वाटप तेच, मसालो तोच. वासाक काय कळता आत वाटाणो असा की कोंबो?" गुणाजी म्हणाला. "आढावमास्तर नगरचे. तेंका सगळाच कोंबडा वाटता."

ऋतिकाने पुराव्याची खात्री करून घेण्यासाठी दोन वाट्या खाल्ल्या. खात्री पटली.

"पेत्राला तुम्ही नाही नेलंत?"

"मी नाय नेलंय, बाय. पाच वर्सां भरवलंय तेका. खावचो असतो तर कोवळो असताना खाल्लो नसतो?"

हा मुद्दा बिनतोड होता.

"मग त्याला हात कोण लावू शकतं?"

"हातात भात असलो तर कोणय. भात बघलो की तो सावकाराचोसुद्धा होता."

जाताना तिने गुणाजीला बरोबर घेऊन हॉलमध्ये डोकावलं. रविवारसाठी आणलेले चौदा नारळ कोपऱ्यात रचून ठेवले होते. चौदाही तुळतुळीत, शेंडी काढलेले. पिंजऱ्यातला नारळ तिने बरोबर आणला होता. त्याला चांगली चार बोटं शेंडी होती.

"काका, हे असे टकले का?"

"जेवणाक लागतत ते सोललेले. शेंडीवालो देवाक." गुणाजीने तो हातात घेऊन फिरवला, कानाशी हलवून पाहिला. "ह्यो चर्चचो नाय. ह्यो कोणीतरी मान देऊक ठेवलेलो असा."

ऋतिकाला बरं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. दाराशी आढावसर उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"देवाचा नारळ," ते म्हणाले. "या कंपाउंडात देवाला नारळ ठेवणारं घर एकच आहे, ऋतिका. आणि त्या घरात तू आत्ता जेवून आलीस."

३

शनिवारी सकाळी तिने आधी अनिरुद्धला गाठलं. रविवारच्या प्रीतिभोजनाचा, म्हणजे उपासनेनंतरच्या पंगतीचा, आचारी तोच. एरवी तो एका जिममध्ये लोकांना कमी खायला सांगायचा. मागच्या महिन्यात, पेत्राने पोटरीला चोच मारली तेव्हा, "तुझा रस्साच करतो थांब" असं तो सात साक्षीदारांसमोर बोलला होता.

"मी नाही रे बाबा," तो म्हणाला. तो मुलींनाही रे म्हणायचा. "अगं, तो केवढा म्हातारा आहे माहितीये? त्याला शिजवायला कुकर नाही, भट्टी लागेल. माझी चाळीस किलो चिकनची ऑर्डर कधीच गेलीये. त्यात पेत्र टाकला तर चाळीस किलोची वाट."

"शुक्रवारी सकाळी कुठे होतास?"

"जिममध्ये. मॅडमना बैठका मारायला लावत होतो."

"कुठल्या मॅडम?"

"समोरच्या टॉवरमधल्या. पद्मजा मॅडम. आणि ऐक, त्या पहिल्यांदाच उशिरा आल्या. तासभर. म्हणाल्या, झोप लागली. त्यांना. झोप."

हे खरंच संशयास्पद होतं. पद्मजा देशमुख सातव्या मजल्यावर राहत आणि पेत्र पहाटे साडेचारला आरवतो म्हणून त्यांनी चर्चला तीन पत्रं लिहिली होती. तिसऱ्यात "अन्यथा मला माझ्या पद्धतीने पाहावं लागेल" असं वाक्य होतं. ऋतिका सातव्या मजल्यावर गेली. दार उघडलं तेव्हा पद्मजाबाई घरातल्याच कपड्यांत होत्या आणि चेहऱ्यावर उशीची घडी उमटलेली होती.

"कोंबड्याचं ना? मी नाही नेला," त्या विचारायच्या आधीच म्हणाल्या. "मनात होतं. खोटं कशाला बोलू? पण मी त्याला उचलणार कशी? मी कोथिंबीरसुद्धा घरपोच मागवते."

"तुमची झोप आता बरी होत असेल."

"डोंबल. दोन दिवस झाले, मला जागच येत नाहीये. काल साडेचारनंतर पुन्हा डोळा लागला, दुसऱ्यांदा ओरडायला तो नव्हताच, म्हणून जिमला उशीर. आज दूधवाला बेल वाजवून निघून गेला. पाच वर्षं मी त्या प्राण्याला शिव्या घालत उठले गं. आता शिव्या घालायला कोणी नाही, तर उठू कशासाठी?"

त्यांनी चहा टाकला. खिडकीतून खाली चर्चचं कंपाउंड आणि रिकामा पिंजरा दिसत होता. पिंजऱ्याला लागूनच मातृछाया सोसायटीची जुनी तीन मजली इमारत होती, पत्रे ठोकून बंद केलेली. पुनर्विकासाला गेली होती. माणसं तीन आठवड्यांपूर्वीच भाड्याच्या घरांत पांगली होती.

"तक्रार खरं तर तिथल्या म्हातारीने करायला हवी होती," पद्मजाबाई म्हणाल्या. "ती बघ, पहिल्या मजल्याची खिडकी. कोंबड्याच्या अगदी डोक्यावर. पण ती उलट त्याला उत्तर द्यायची."

"कुकूचकू?"

"नाही गं. बोलायची. तो आरवला की ही खिडकीतून, 'उठलंय रे बाबा, उठलंय.' रोज. मी इथे कानावर उशी घेऊन, आणि या दोघांच्या गप्पा."

ऋतिकाने चहा संपवला. उतरताना तिने हिशेब मांडला. तीन जणांना विचारलं, तिघांनी नाकारलं, आणि वाईट गोष्ट अशी की तिघंही खरं बोलत होते.

खाली आढावसर तिची वाट पाहत होते. ते आनंदात होते.

"चिंता मिटली," ते म्हणाले. "दुसरा कोंबडा येतोय."

४

आढावसर निवृत्त चित्रकलाशिक्षक. त्यामुळे देणग्यांची यादी अक्षर म्हणून पाहण्यासारखी होती. 'सुंदराबाई भालेराव, केळी दोन फण्या. शौनक रणपिसे, भोपळा एक.' प्रत्येक वस्तूपुढे ती आली की एक छोटं पान काढलेलं. ऋतिकाने बोट खाली खाली नेलं. शेवटून तिसऱ्या ओळीत होतं, 'नंदकुमार चांदेकर, कोंबडा एक.' पुढे पान नव्हतं.

"हे कोण?"

"अगं, विसरलीस? गेल्या वर्षी पेत्राला घेतलं ते. बाजूच्या मातृछायातले. आपल्या मंडळीतले नव्हेत, पण माणूस भला. पहिल्यांदाच लिलावाला आले, अकरा हजारांची बोली लावली, आणि वर आपण होऊन म्हणाले, 'राहू दे इथेच.' आपली रीत त्यांना कोणी शिकवलीही नव्हती. काय टाळ्या पडल्या होत्या."

"आणि आता कोंबडा देणार?"

"बुधवारी फोन आला होता. कालच आणणार होते. आले नाहीत, पण येतील. सज्जन माणूस आहे."

ऋतिका काही बोलणार, तेवढ्यात दारात गुणाजी आला. खांद्याला एक पिशवी होती. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, चर्चची किल्ली वेगळी काढून सर्वांत वर.

"पाण्याची टाकी भरलेली असा," तो आढावसरांना म्हणाला. "घंटेचो दोर नवो बांधलंय. रविवारपर्यंत थांबान सगळ्यांसमोर नारळ घेवचो, तेच्यापेक्षा आजच बरो."

"गुणाजी, कमिटीचा निर्णय अजून..." आढावसर म्हणाले, आणि पुढचं त्यांना सुचेना. पेन्सिलीला टोक असूनही ते टोक काढायला लागले.

गुणाजी ऋतिकाकडे वळला. "येतंय हां, बाय," म्हणाला, आणि निघाला.

ऋतिका त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. माणूस बावीस वर्षांनी कायमचा चालला होता आणि म्हणाला होता, येतो. म्हणणारच. जाताना जातो कोण म्हणतं? तिची आजी तर दुकानात गेलेल्या माणसालाही "जातो म्हणू नये" म्हणून परत बोलवायची.

"काका, थांबा," ती ओरडली. मग आढावसरांकडे वळून अगदी हळू, कॉल सेंटरच्या आवाजात म्हणाली, "सर, बुधवारचा फोन. ते नेमकं काय म्हणाले? तुम्हाला काय कळलं ते नको. शब्द सांगा."

"शब्द काय... इथे माइकवाला 'हॅलो हॅलो' करत होता. म्हणाले, 'शुक्रवारी सकाळी कोंबडा घेतो आणि येतो.'"

"'घेऊन येतो' की 'घेतो आणि येतो'?"

"एकच ना ते?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, अवश्य. देव तुमचं भलं करो."

ऋतिकाने त्यांच्या पुढ्यातला फोन उचलला, बुधवारचा नंबर शोधला आणि स्पीकरवर लावला. दारात गुणाजी पिशवीसकट उभा होता. चार वेळा घंटी वाजली.

"नमस्कार सर," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "नंदकुमार बोलतोय."

ती काही विचारणार, इतक्यात त्या आवाजाच्या मागे, अगदी जवळ, कोंबडा आरवला.

तिघांनी नाकारून झालं होतं. हिशेब चोख होता.

५

मेट्रोने दहिसरला पोचायला पाऊण तास लागला. गुणाजी वाटभर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवाज तेचोच. घसो बसलेलो असा, पण तेचोच."

चांदेकरांचं भाड्याचं घर नदीकडच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. गॅलरीत, उलट्या घातलेल्या कपडे वाळवायच्या स्टँडखाली, पेत्र होता. त्याने गुणाजीला पाहिलं आणि ओळख दाखवण्यासाठी ऋतिकाला चोच मारली.

नंदकुमार चांदेकर पन्नाशीचे, विमा कंपनीत हेडक्लार्क. प्रकरण ऐकून ते उभ्याचे खाली बसले.

"चोरी? अहो, मी रीतसर फोन केला होता. कोंबडा माझाच आहे ना? गेल्या वर्षी घेतला."

"तुम्ही 'राहू दे' म्हणालात," ऋतिका म्हणाली.

"हो. म्हणजे, राहू दे. आमच्या घरात कुठे ठेवणार? तिथेच आईच्या खिडकीखाली बरा होता. मला वाटलं दुसरं कोणी घेतलं तर कापून खाईल, म्हणून मी घेतला. आणि भात रोज माझ्याच घरून जात होता."

"आमच्याकडे 'राहू दे' म्हणजे देवाला परत दिला."

नंदकुमारांनी याचा बराच वेळ विचार केला. "मग टाळ्या त्यासाठी होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, ख्रिस्ती लोक जरा जास्तच कौतुक करतात."

"आणि नारळ?"

"तो मीया ठेवूक सांगितलंय." आवाज आतल्या खोलीतून आला. पलंगावर एक बारीकशी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. नंदकुमारांची आई, रुक्मिणीबाई. "कोणाच्या घरातलो जीव हलवूचो, आणि जागा रिकामी ठेवून येवचा? बरा दिसता काय ता?"

गुणाजीने पिशवी खाली ठेवली. "खयचे तुम्ही?"

"वेंगुर्ल्याकडले. तू?"

"कुडाळ."

पुढची दहा मिनिटं तपास कुडाळ आणि वेंगुर्ला यांच्यामध्ये कुठेतरी हरवला. तेवढ्यात नंदकुमारांनी ऋतिकाला गॅलरीत नेऊन हळू आवाजात सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी ते इथे आले, आणि आईची सकाळच व्हायची बंद झाली. आईला मोतीबिंदूमुळे उजेड नीट कळत नाही. ती मध्येच उठून बसायची आणि विचारायची, उजाडलं का. हो म्हटलं तरी पटायचं नाही. कोंबडा कुठे आरवला, म्हणायची. चहा नाही, जेवण नाही. उजाडल्याशिवाय खायचं कसं, हा तिचा प्रश्न. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या.

"काल पेत्र रिक्षातून आणला. प्रत्येक सिग्नलला आरवला. आज पहाटे पुन्हा आरवला, आणि आई उठून म्हणाली, 'उठलंय रे बाबा.' दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने." त्यांनी आत गुणाजीकडे पाहिलं. "पण माझ्यामुळे या माणसाची नोकरी जाणार असेल तर घेऊन जा त्याला. आत्ताच."

गुणाजीची नोकरी वाचवायला ऋतिकाला कोंबडा नको होता. खरी हकिकत पुरेशी होती. पण उद्या लिलाव होता, आणि फळ्यावर त्या बायकांचा फोटो होता.

रुक्मिणीबाईंचे कान शाबूत होते. "लिलाव कसलो?" त्यांनी विचारलं.

दोघंही आत आले आणि ऋतिकाने सांगितलं. मलावी म्हणजे लांब, आफ्रिकेत. वरची वस्ती. दोन तास चालणं. पंप.

म्हातारी ऐकत राहिली. "आमची पाण्याची बाव डोंगराखाली होती," ती म्हणाली. "लग्न झाल्यापास्ना वीस वर्सां चढलंय मी ती वाट. तीन घागरी सकाळी, दोन सांजेक." तिने गॅलरीच्या दिशेने हात केला. "न्या तेका. त्या बायांका गरज असा."

नंदकुमार खिडकीबाहेर बघत होते. पेत्र उलट्या स्टँडखाली आपल्या पिसांत चोच खुपसून काहीतरी शोधत होता.

गुणाजी उठला. त्याने पिशवीतून मूठभर तांदूळ काढले, गॅलरीत पेत्रापुढे टाकले आणि दार ओढून घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला.

या वेळी अर्थ सगळ्यांना एकच कळला.

६

रविवारी बारा वाजता, ऊस आणि केळीच्या खांबांमध्ये उभं राहून, ऋतिकाने सगळी हकिकत मंडळीसमोर सांगितली. चोरी झालीच नाही. मालकाने आपली वस्तू नेली, आधी कळवून नेली, आणि बदल्यात मान म्हणून नारळ ठेवला. शेंडीमुळे कळलं की ठेवणारा चोर नाही, निरोप घेणारा आहे. यादीतल्या न आलेल्या कोंबड्यामुळे कळलं तो कोण. आणि 'येतो' म्हणून निघालेल्या गुणाजीकाकांमुळे कळलं की आपल्या भाषेत जाणारा माणूसही येतच असतो.

तिने फोन कोणी घेतला होता ते सांगितलं नाही. आढावसर आपण होऊन उभे राहिले.

"फोन मी घेतला होता," ते म्हणाले. "आणि वास घेणाराही मीच. गुणाजी, बावीस वर्षं तुझ्या हातचं पाणी पितो, पण तुझ्या मसाल्याची ओळख नव्हती." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून त्याच्या हातात ठेवला. चर्चची किल्ली अजून सर्वांत वर होती. "आज जेवायला तुझ्याकडे येतो. खरंच येतो."

"वाटाणे भिजत घातलंय," गुणाजी म्हणाला.

मग लिलाव. भोपळा गेला, केळी गेली, ऊस गेला, सगळे "राहू दे" म्हणत परत आले. तरी फळ्यावरचा पंप अर्धाच रंगला होता. आढावसरांनी तो खडूने काढला होता आणि पैसे जमतील तसा खालून वर रंगवत होते. पेत्र असता तर एव्हाना वरून पाणी पडलं असतं.

ऋतिकाने टेबलावर शेंडीवाला नारळ ठेवला.

"हा पेत्राच्या जागी आला," ती म्हणाली. "म्हणजे पेत्राची जागा यालाच."

अनिरुद्धने पहिली बोली लावली आणि "राहू दे" म्हणाला. सुंदराबाईंनी घेतला, राहू दिला. शेवटच्या बाकावर बसलेल्या नंदकुमारांनी घेतला आणि, या वेळी अर्थ समजून, राहू दिला. त्यांना गेल्या वर्षीपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या. नारळ सहा वेळा विकला गेला. पंप गळ्यापर्यंत रंगला आणि तिथे अडकला. लोकांचे खिसे संपले होते.

"एक विचारू का?" दारातून आवाज आला.

पद्मजाबाई उभ्या होत्या. कोंबडा कधी परत येणार हे विचारायला त्या खाली आल्या होत्या आणि सगळी गोष्ट उभ्याने ऐकून बसल्या होत्या.

"म्हणजे तो आता येणार नाही?"

"नाही. त्याला तिकडे कामाला ठेवलंय," ऋतिका म्हणाली.

"त्या म्हातारीकडे?"

"हो."

पद्मजाबाईंनी मान हलवली. फळ्यावरच्या फोटोकडे पाहिलं, अर्धवट पंपाकडे पाहिलं, आणि एक आकडा बोलल्या. आढावसरांनी तो दोनदा विचारून घेतला, कानातलं यंत्र नीट बसवून तिसऱ्यांदा विचारला, आणि मग काही न बोलता पंप वरपर्यंत रंगवला. त्यातून पडणारं पाणीही काढलं. खाली एक घागर काढली. लोक उभे राहिले.

टाळ्या थांबल्यावर आढावसर वळले. ते आता सावध झाले होते.

"पद्मजाबाई, स्पष्ट सांगा. नारळ घेऊन जाणार, की राहू दे? आणि राहू दे असेल, तर म्हणजे नेमकं काय?"

"राहू दे कशाला?" पद्मजाबाई म्हणाल्या. "घेऊन जाणार. चटणी करायचीये."

एवढ्या वर्षांत घेतलेली वस्तू घरी नेणारं कोणी निघालंच नव्हतं. पुढे काय करायचं हे कमिटीच्या पाचांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांनी आढावसरांकडे पाहिलं, आढावसरांनी ऋतिकाकडे.

शेवटी गुणाजी पुढे झाला. त्याने टेबलावरचा नारळ उचलला, सदऱ्याला पुसला, सवयीने कानाशी हलवून आत पाणी असल्याची खात्री केली, आणि दोन्ही हातांनी पद्मजाबाईंच्या हातात दिला.

बावीस वर्षांच्या नोकरीत गुणाजीने कोणाला नारळ देण्याची ही पहिलीच वेळ होती.